उद्यमनगरातले बिनपाटीचे गॅरेज आणि येझदीचा उजवा सायलेन्सर

माझ्याकडे १९८८ सालची येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे. वडिलांनी ती नोकरीत असताना घेतली, मी तिच्यावर बसून कॉलेजला गेलो आणि आता निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन-तीनदा तिला बाहेर काढतो. तिच्या उजव्या सायलेन्सरने गेले दीड वर्ष जो छळ मांडला होता, तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहानशा गॅरेजात अखेर संपला. त्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. गॅरेजला पाटी नाही. तुमच्याविषयी लिहू का, असे मेस्त्रींना विचारले, तेव्हा लिहा, पण नाव घालू नका, आहेत त्याच गाड्या हातावेगळ्या होईनात, असे ते म्हणाले. म्हणून नाव देत नाही. ज्याला खरोखर गरज असेल त्याने उद्यमनगरात कोणत्याही लेथवाल्याकडे (लेथ म्हणजे धातू कातायचे यंत्र) जुन्या येझदीच्या मेस्त्रींची चौकशी करावी, पत्ता मिळतो.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. मैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून आधी जावा आणि पुढे येझदी या नावाने या गाड्या तयार झाल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. इंजिन टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच; पण त्या एका सिलिंडरला धूर बाहेर पडण्यासाठी दोन तोंडे आणि म्हणून दोन बेंड पाइप व दोन सायलेन्सर. प्रत्येक बेंड पाइप सिलिंडरच्या तोंडाशी एका मोठ्या, खाचा असलेल्या गोल नटाने धरलेला असतो. पाइपाच्या टोकाला कॉलर, कॉलर आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक रिंग आणि त्या सगळ्याला दाबून ठेवणारा हा नट. हा नट साध्या पान्याने फिरत नाही. त्याला खाचेत अडकणारा, अर्धगोल वळलेला हूक पाना लागतो, जो गाडीबरोबर मिळत असे आणि जो आज बहुतेकांच्या घरी सापडत नाही. माझ्याही घरी सापडला नाही.

हूक पाना नसल्यावर काय होते, ते आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. नटाच्या खाचेत छिन्नी टेकवायची आणि वरून हातोडी घालायची. दीड वर्षापूर्वी मी ज्या गॅरेजात गाडी दिली होती (ते कोणते, हे सांगण्यात अर्थ नाही, कारण दहापैकी आठ ठिकाणी हेच केले जाते), तिथे उजव्या नटातून काळे तेल ओघळत असल्याची तक्रार मी सांगितली. तिथल्या मुलाने छिन्नी लावून तीन ठोके मारले, नट थोडा फिरला आणि काम झाले असे जाहीर झाले. पंधरा दिवसांनी तेल पुन्हा ओघळू लागले. या वेळी पाच ठोके पडले आणि नटाच्या दोन खाचांचे काठ उडाले. तिसऱ्या खेपेस नट पूर्ण काढून परत चढवताना तो तिरका धरला गेला, तसाच जोर लावून फिरवला गेला आणि सिलिंडरच्या तोंडावरचे पहिले दोन आटे चेपले. त्यावर उपाय म्हणून, दोन रंगांच्या कांड्या कणकेसारख्या मळून नळाला लावतात ते सील सांध्याभोवती थापण्यात आले. सिलिंडरचे तोंड इंजिन चालू असताना शेकडो अंशांपर्यंत तापते. स्वयंपाकघरातल्या नळाचे सील तिथे किती टिकावे? पहिल्याच फेरीत ते करपले, घरभर वास सुटला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खपल्या अंगणात पडल्या.

या प्रकरणाचा शेवट गगनबावड्याच्या रस्त्यावर झाला. साळवणच्या पुढे, चढ सुरू होण्याआधी, इंजिनाचा आवाज एकाएकी फाटल्यासारखा झाला, गाडीची ओढ गेली आणि उजव्या पायाच्या नडगीवर गरम वारा लागू लागला. थांबून पाहतो तो नट सुटून पाइपावर मागे घसरला होता आणि पाइपाचे तोंड सिलिंडरपासून बोटभर दूर लोंबत होते. जवळच्या टपरीवाल्याने जुनी क्लच वायर दिली, तिने पाइप बांधला आणि सुमारे चाळीस किलोमीटर मी गावोगावच्या कुत्र्यांना जागे करत परत आलो. टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर ही केवळ आवाज दाबणारी नळी नसते. बाहेर गेलेल्या धुराची दाबलहर मागे उलटून पेट्रोल-हवेच्या ताज्या मिश्रणाला सिलिंडरात थोपवून धरते, हे मी पूर्वी वाचले होते. परतीच्या वाटेवर, तिसऱ्या गिअरमध्येही गाडी रडत असताना, ते नीट समजले.

उद्यमनगरातल्या गॅरेजचे नाव मला एका जुन्या विद्यार्थ्याने सुचवले. जागा म्हणाल तर पत्र्याची शेड, पुढे गाड्या, मागे भिंतीला लागून शेजाऱ्याचा लेथ. मेस्त्रींचे वय साठीच्या आसपास. मी नट दाखवायला पुढे झालो तर त्यांनी मला थांबवले.

"नटाकडं नंतर बघूया सर. आधी मागनं बघायचं."

त्यांनी गाडी स्टँडवर घेतली आणि सायलेन्सरच्या मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट ढिला करायला घेतला. मला हे विचित्र वाटले, कारण गळती पुढे आणि पाना मागे. बोल्टचा शेवटचा आटा सुटला आणि सायलेन्सरचे मागचे टोक टणकन बाहेरच्या बाजूला उडाले. चांगले अर्धा इंच तरी सरकले असेल. मेस्त्रींनी ते हाताने आत ढकलून ब्रॅकेटच्या भोकासमोर आणले आणि सोडले. ते पुन्हा बाहेर गेले. असे त्यांनी मला तीनदा करून दाखवले.

"नट आपणहून सुटत नव्हता. पाइपच त्याला रोज ढकलत होता."

दीड वर्षात तीन गॅरेजवाल्यांनी (मधल्या काळात आणखी दोन झाले) पाहिले नाही ते या गृहस्थांनी पाच मिनिटांत दाखवले. माझ्या गाडीचा मागचा ब्रॅकेट कधीतरी, बहुधा गाडी उजवीकडे पडली तेव्हा, आत वाकला होता. सायलेन्सर बसवणारा प्रत्येक जण तो दाबून, बोल्टच्या जोरावर भोकात आणत होता. त्यामुळे बेंड पाइप आणि सायलेन्सर मिळून झालेली ती लांबलचक कांब सतत एका बाजूला ताणलेली राहत होती आणि त्या ताणाचे दुसरे टोक सिलिंडरच्या नटावर होते. इंजिनाच्या थरथरीत हा ताण क्षणाक्षणाला कमी-जास्त होतो, कॉलर रिंगवर एका बाजूने दबते आणि दुसऱ्या बाजूने उचलली जाते, फटीतून धूर व तेल निसटते आणि नट कणाकणाने मागे फिरतो. अशा नटाला कितीही आवळले तरी तो सुटणारच. किंबहुना जितका जोर लावावा तितके आटे लवकर जातात. मेस्त्रींचे यावरचे वाक्य असे, की आवळून गळती थांबली असती तर माझ्या धंद्याला कधीच कुलूप लागले असते.

यानंतर त्यांनी दोन्ही बाजू पूर्ण उतरवल्या. तक्रार उजव्या बाजूची असताना डावी का काढली, याचे उत्तर सायलेन्सरच्या शेपटीत होते. मागच्या टोकातून बॅफल, म्हणजे आतली जाळीची नळी, ओढून काढली तेव्हा तिची निम्मी भोके कडक काळ्या कार्बनने बुजलेली होती. मागची वाट अरुंद झाली की धूर पुढच्या सांध्यातून वाट शोधतो. त्यामुळे बॅफल न साफ करता पुढे नवी रिंग घालणे म्हणजे तुंबलेल्या गटाराच्या झाकणाला प्लॅस्टर करण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बॅफल रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पडून राहिले. सोडा ॲल्युमिनियम खातो, म्हणून इंजिनाच्या आसपास तो बिलकूल न्यायचा नाही, हे त्यांनी हाताखालच्या मुलाला माझ्यासमोर दोनदा बजावले. सिलिंडरच्या तोंडातला कार्बन मात्र पिस्टन वर नेऊन, तोंड झाकले जाईल अशा स्थितीत ठेवून, लाकडी पट्टीने खरवडला. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरला असता तर वेळ निम्मा लागला असता आणि पिस्टनवर ओरखडे पडले असते.

आट्यांचे काम मी मुद्दाम उभे राहून पाहिले. चेपलेले दोन आटे त्यांनी आधी तारेच्या ब्रशने स्वच्छ केले, मग आट्यांच्या मापाचे दात असलेली कानस घेऊन ते एकेक करून उठवले. वेळ दीड तास. मध्ये चहा. मग शेजारचे लेथवाले आपली आटे मोजायची, पात्यापात्यांची थ्रेड गेज घेऊन आले आणि एकेक पाते आट्यात बसवून उजेडासमोर धरून पाहू लागले. जुना नट या आट्यांवर हलवला तर तो खुळखुळत होता. बाजारात नवा नट मिळतो, क्रोमचा चकचकीत, पण तो मूळ आट्यांच्या मापाचा असतो आणि माझ्या सिलिंडरचे आटे तीस-पस्तीस वर्षांत झिजून मूळ मापाचे राहिलेले नाहीत. म्हणून याच आट्यांच्या मापाने नवा नट लेथवर काढायचा ठरला. तो दुसऱ्या दिवशी तयार झाला. त्याला क्रोम नाही, रंगाने तो भुरका आहे, आणि गाडीची ऐट पाहणाऱ्याला तो खटकेल. पण पहिल्यांदा चढवताना तो बोटांनी, गुळगुळीत, एका लयीत, शेवटच्या आट्यापर्यंत फिरत गेला आणि कुठेही हलला नाही. उद्यमनगरात राहण्याचा हा फायदा आहे. पुण्यामुंबईत सुटा भाग मिळेल, पण तुमच्या झिजलेल्या आट्यांच्या मापाचा भाग बसल्या जागी करून देणारा हात मिळणे अवघड.

रिंगच्या बाबतीतही हाच हिशेब. बाजारातली रिंग म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्यात तंतूंचे भरण. ती एकदा दबली की दबली, परत वापरायची नाही. मेस्त्री अखंड तांब्याची रिंग वापरतात. त्यांनी ती गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात टाकली. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, तरी माझ्या तोंडून निघून गेले की असे केल्याने ती कडक नाही का होणार? पोलाद तसे कडक होते. तांबे उलट मऊ पडते, आणि मऊ तांबेच कॉलर व सिलिंडर यांच्यातले बारीक खड्डे भरून काढते. मला हे माहीत असायला हवे होते. मेस्त्री काही बोलले नाहीत, पण हाताखालचा मुलगा हसला.

आता ज्या गोष्टीसाठी हा मजकूर लिहायला घेतला ती, म्हणजे प्रत्यक्ष बसवणी. यात पान्याचा जोर सर्वांत कमी आणि क्रम सर्वांत महत्त्वाचा आहे. आट्यांवर त्यांनी तांब्याच्या रंगाचे, उष्णता सोसणारे ग्रीस अगदी पुसटसे लावले, जेणेकरून पुढच्या खेपेस नट जाम होऊन बसणार नाही. ग्रीस लावलेल्या आट्यावर तोच जोर अधिक आवळतो, म्हणून हात हलका ठेवायचा, ही सूचना त्याबरोबरच आली. मग पाइपाची कॉलर रिंगवर सपाट बसते का, हे त्यांनी नट न लावता, नुसते हाताने दाबून, चारी बाजूंनी पाहिले. नट आधी उलटा फिरवला, आटा आट्यात पडल्याची बारीक 'टक्' ऐकली आणि मग सुलटा. इथेच माझ्या मागच्या मेस्त्रीची चूक झाली होती. त्याने उलटे फिरवण्याचा तो अर्धा मिनिट वाचवला होता.

"हातानं फिरतंय तवर पाना धरायचा नाही सर."

नट हाताने शेवटपर्यंत गेला, पण आवळला नाही. सायलेन्सर पाइपावर सरकवला, मधला क्लॅम्प घातला, पण आवळला नाही. मागचा बोल्ट नुसता अडकवला. या घडीला सगळे सायलेन्सर खुळखुळत होते आणि मला वाटले की आता तरी पाना निघेल. त्यांनी उलट सायलेन्सर धरून हलवला, वर-खाली, आत-बाहेर, आणि तो आपणहून जिथे येऊन थांबला तिथे त्याला राहू दिले. ब्रॅकेट त्यांनी आदल्या दिवशीच काढून ऐरणीवर सरळ केला होता, तरीही भोक आणि ब्रॅकेट यांच्यात दीड-दोन मिलिमीटरची फट उरली. ती बोल्टने दाबून मिटवायची नाही. तेवढ्या जाडीचा वायसर मध्ये घालायचा. तीन वायसर चाळून चौथा बसला. मग हूक पान्याने पुढचा नट, त्यानंतर मधला क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी मागचा बोल्ट. इंजिनाकडून मागे यायचे, मागून पुढे कधीच जायचे नाही. मागचा बोल्ट आधी आवळला की पाइपाची जागा ठरून जाते आणि मग पुढचा नट कॉलरला तिच्या मनाविरुद्ध ओढत राहतो.

पान्याला त्यांनी नळी घालून लांबी वाढवली नाही, त्यावर पाय दिला नाही, हातोडी मारली नाही. एका हाताने पाना आणि दुसऱ्या हाताचा अंगठा नट व सिलिंडर यांच्या सांध्यावर, असा तो प्रकार होता. अंगठा कशासाठी, ते मी विचारले. नट बसत असताना हालचाल अंगठ्याला कळते; ती कळायची थांबली की अजून थोडे, आणि बास.

यानंतर गाडी चालू केली आणि दहा मिनिटे तशीच ठेवली. रिंग तापते, मऊ पडते, दबते आणि नटाखाली पुन्हा किंचित सैलपणा येतो. हा सैलपणा पहिल्याच तापण्यात न काढला तर पुढची सगळी मेहनत वाया. इंजिन बंद करून, गरम असतानाच, जाड कापडी हातमोजा घालून त्यांनी पाना पुन्हा लावला आणि नट साधारण पाव खाच पुढे गेला. मग गळती तपासण्यासाठी मुलाने उदबत्ती आणली. मला आधी वाटले, गाडीची पूजा करतात की काय. इंजिन चालू ठेवून उदबत्तीचा धूर सांध्याभोवती हळूहळू फिरवला. एरवी सरळ वर जाणारी धुराची रेघ खालच्या बाजूला एके ठिकाणी थरथरली. डोळ्यांना तेलाचा थेंबही दिसत नव्हता, हाताला हवा लागत नव्हती, तरी तिथे निसटते होते. नट थोडा सैल केला, पाइप केसभर फिरवला, पुन्हा आवळला. रेघ सरळ झाली.

शंभर किलोमीटर चालवून परत या, असे सांगून त्यांनी गाडी दिली. मी आधी पन्हाळ्याला जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी जोतिबाला आणि उरलेले किलोमीटर गावातच भरले. परत गेलो तेव्हा नट आणखी थोडा पुढे गेला. पुढे पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा बोलावले. त्या वेळी पाना लावला आणि नट जागचा हलला नाही. या दोन्ही खेपांचे पैसे घेतले नाहीत. मुळात, काम झाल्यावर दोनदा परत बोलावणारे गॅरेज मी आजवर दुसरे पाहिलेले नाही, आणि माझ्या मते सायलेन्सरच्या कामात हीच खरी सेवा आहे.

त्या वेळी माझ्या पुतण्याची रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० सोबत नेली होती. तिची तक्रार वेगळी: उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके. फोर-स्ट्रोक गाडीत हे बहुतेक वेळा पुढच्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाऊन, न जळलेले पेट्रोल पाइपात पेटल्याने होते. तिथे खाचांचा मोठा नट नसतो, पाइपाची पट्टी दोन स्टडांवर दोन नटांनी धरलेली असते. पुतण्याने स्वतः घरी एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला होता, त्यामुळे पट्टी तिरकी बसून रिंग एका कडेने चेपली होती. नवी रिंग, दोन्ही नट आळीपाळीने पाव-पाव फेरा, अर्ध्या तासात फटाके बंद. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला तर पुढे नटच नसतो, पाइप तोंडात नुसता घट्ट बसवलेला असतो आणि सगळा भार ब्रॅकेटवर; तिथे ब्रॅकेट ढिला म्हणजे पाइप ढिला. पुतण्याने जाता जाता, बॅफल काढून मोठा आवाज करून मिळेल का, अशीही चौकशी केली. त्याला मिळालेले उत्तर मी इथे लिहू शकत नाही.

आता पैसे. नवा नट लेथवर करण्याचे ७०० रुपये, तांब्याच्या दोन रिंगा १६० रुपये, दोन्ही बॅफल साफ करणे, ब्रॅकेट सरळ करणे, आट्यांचे काम आणि बसवणी मिळून मजुरी १,४०० रुपये. एकूण २,२६०. आधीच्या छिन्नीवाल्यांना मी दीड वर्षात तुकड्यातुकड्याने याहून जास्त दिले होते. पावती मिळत नाही. हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर होतो, पण आकडे आधी सांगितलेलेच निघाले.

तक्रारी नाहीत असे नाही. दोन दिवसांचे काम सांगून गाडी आठव्या दिवशी मिळाली आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. बसायला जागा नाही. मी तीन तास उलट्या ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर काढले. गाडी उघड्यावर उभी असते, एका रात्री पाऊस आला आणि सीट भिजली. नव्या नटाला क्रोम करून द्या म्हटले, तर क्रोमच्या थराने आटे पुन्हा घट्ट होतील असे कारण देऊन त्यांनी नकार दिला. कारण पटण्यासारखे आहे, पण निदान बाहेरच्या बाजूला तरी काही करता आले असते, असे मला अजूनही वाटते. ज्यांना प्रदर्शनात उभी करण्यासाठी गाडी हवी आहे, त्यांनी इथे येऊ नये. घाईत असलेल्यांनीही येऊ नये, कारण घाई केलेली मेस्त्रींना खपत नाही आणि ते तसे तोंडावर सांगतात.

परवा गाडीने या कामानंतरचे १,८०० किलोमीटर पूर्ण केले. त्यात गगनबावड्याच्या दोन फेऱ्या आहेत, त्यातली एक भर पावसात. साळवणच्या त्या टपरीवर मुद्दाम थांबलो, चहा घेतला आणि क्लच वायरीचे पैसे द्यायला गेलो. टपरीवाल्याने ते घेतले नाहीत. इंजिन गार झाल्यावर उजव्या सांध्याखाली कोरडा पांढरा कागद धरला. त्यावर डाग पडला नाही. डावीकडे मात्र फिकट तपकिरी अर्धगोल उमटला. डावा नट अजून मूळचा, कारखान्यातला आहे. मेस्त्रींना दाखवले, तेव्हा त्यांनी सांध्यावर अंगठा फिरवला, सायलेन्सरचे मागचे टोक हलवून पाहिले आणि हे दिवाळीनंतर करू म्हणाले. कोणत्या दिवाळीनंतर, ते मी विचारलेले नाही.